मोटरच्या आवाजातलं वाक्य

दादा खोटं हसतो, हे धाकटीला तिच्या चोपन्नाव्या वाढदिवशी कळलं.

दर वाढदिवशी बहीणभाऊ नेमाने एक जुना चित्रपट बघायचे, 'मंगळवारची लिफ्ट'. नेम चाळीस वर्षांचा. धाकटी चौदाची झाली त्याच दिवशी शाळेचा निकाल लागला आणि ती गणितात आपटली. जिन्याखाली तोंड लपवून बसली होती. दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा, नुकताच बॉयलरच्या कारखान्यात लागलेला. तो ना रागावला, ना समजावत बसला. "चप्पल घाल," एवढंच म्हणाला आणि तिला थिएटरात घेऊन गेला. मध्यंतराच्या आधीच ती गणित विसरली होती. दादा तर हसून हसून खुर्चीतून खाली घसरायचा बाकी होता. खरं हसू आलं की दादाचा आवाज बंद व्हायचा, फक्त खांदे गदगदायचे.

चित्रपटाची गोष्ट म्हटली तर एवढीशी. सातव्या मजल्यावर टायपिंग शिकवणारी एक बाई राहते. त्या इमारतीची लिफ्ट दर मंगळवारी बंद पडते. दर मंगळवारी एक भिडस्त मेकॅनिक येतो, लिफ्टचा पुर्जा न् पुर्जा तपासतो, आणि बिचाऱ्याला बिघाड काही सापडत नाही. कंपनीत त्याची छी-थू होते. प्रेक्षकांना मात्र पहिल्यापासून माहीत असतं, की ही बाईच मंगळवारी सकाळी केसातली पिन काढते, लिफ्टच्या दाराच्या खाचेत टाकते आणि त्याच्या नकळत काढूनही घेते.

लोक म्हणायचे, त्यात काय एवढं? धाकटी मग हमरीतुमरीवर यायची. अहो, त्यात खलनायक नाही, श्रीमंत बाप नाही, कुणाचा पचका करून मिळवलेला एकही विनोद नाही. दोन माणसं आहेत, दोघं आपापल्या कामात पक्की आहेत, आणि नेमकं जे काम नाही तिथे दोघांची बोबडी वळते. नायिका हुशार आहे आणि हुशारीबद्दल चित्रपट तिला शिक्षा देत नाही. नायक 'माझं तुमच्यावर प्रेम आहे' असं एकदाही म्हणत नाही. तो एका बुधवारी, लिफ्ट ठणठणीत चालू असताना, हत्यारांची पिशवी घेऊन येतो आणि दारात उभा राहतो. बस. धाकटीचं स्वतःचं लग्न काही जमलं नाही, पण त्या बुधवारच्या प्रसंगाला तिच्या डोळ्यांत दरवर्षी पाणी यायचं आणि त्याबद्दल तिला कणभरही लाज नव्हती.

तर चोपन्नाव्या वाढदिवशी ती दादाच्या घरी बसली होती. वहिनी आत काहीतरी तळत होत्या. पडद्यावर मेकॅनिक लिफ्टमध्ये अडकलेल्या कर्नलसाहेबांशी बोलत होता. हा प्रसंग दोघांना तोंडपाठ. नेमक्या त्याच वेळी धाकटीला शिंक येऊ घातली, म्हणून ती हसली नाही. आणि दादाही हसला नाही.

तिच्या मनात काहीतरी कुठेतरी खटकलं. थोड्या वेळाने पडद्यावर नुसताच रिकामा जिना दिसत असताना ती मुद्दाम मोठ्याने हसली. दादा लगेच हसला. आवाज करून हसला. खांदे हलले नाहीत.

तिने चित्रपट संपू दिला. मग त्याच्या समोर तोंड करून तिने विचारलं, "दादा, तुला ऐकू येतं का रे?"

"येतं की!" दादा म्हणाला. "मशीन आहे ना कानात."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. वहिनींनी झारा खाली ठेवला. "नीट ऐकू येत नाही, दोन वर्षं झाली," त्या हळूच म्हणाल्या. "एकतीस वर्षं लोखंडी पत्रे ठोकले त्यांनी, कान किती तग धरणार? मशीन लावतात, पण म्हणतात, बोलणं म्हणजे पत्र्यावर खडे ओतल्यासारखं वाटतं. टीव्ही सोडला, फोन सोडला. तुमचा वाढदिवस मात्र सोडत नाहीत. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

"आणि तुम्ही ऐकलंत त्याचं?"

"घरात एकाने तरी कुणाचं तरी ऐकायला नको का?" वहिनी म्हणाल्या. दोघी हसल्या, आणि हसता हसता धाकटीने पदराने डोळे पुसले.

घरी परतताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. त्याला ऐकू येत नाही ना? मग वाचता तर येतं! आणि वाचायच्या गोष्टी तयार करण्यात उभा जन्म गेला होता तिचा.

धाकटी एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. औषधाच्या खोक्यात घडी करून घातलेला तो बारीक अक्षरांचा कागद असतो ना, तो छापण्याआधी तिच्या नजरेखालून जायचा. 'दोनदा'चं 'दहादा' झालं तर माणूस जिवाला मुकेल, ही जाणीव ठेवून तिने तेवीस वर्षं काढली होती. चित्रपटाखाली संवादाच्या ओळी टाकणं तिला हातचा मळ वाटलं. छापखान्यातल्या डिझायनर बाईंनी तिला त्याचा प्रोग्राम दाखवला, आणि दुसऱ्या दिवसापासून धाकटी पहाटे साडेपाचला उठून कामाला बसू लागली. आठला छापखाना.

हातचा मळ वगैरे काही नव्हता तो. पहिल्याच आठवड्यात तिला घाम फुटला. माणूस ज्या वेगाने बोलतो त्या वेगाने डोळा वाचत नाही. दोन ओळींच्या वर मजकूर गेला की चेहरा बघायचा राहतो. आणि विनोद तर भलताच नाजूक. मेकॅनिक कर्नलसाहेबांना म्हणतो, "साहेब, घाबरू नका, ही लिफ्ट पडणार नाही," मग जरा थांबतो, आणि म्हणतो, "मंगळवार सोडून." तिने दोन्ही वाक्यं एकत्र टाकली होती. तो थांबायच्या आतच 'मंगळवार सोडून' वाचून झालं आणि विनोदाचा जीव गेला. तिने वाक्य तोडलं. मग दुसरा तुकडा पाव सेकंद पुढे नेला. मग मागे आणला. त्या दोन शब्दांवर तिने चार पहाटा घालवल्या.

तीन महिन्यांनी ती दादाकडे गेली. न बोलता चित्रपट लावला. खाली अक्षरं उमटली तसा दादा पुढे सरकून बसला. पंधरा मिनिटं तो डोळ्याची पापणी न लवता वाचत होता. मग म्हणाला, "हा माणूस एवढा स्पष्ट कधीपासून बोलायला लागला?"

"म्हणजे?"

"अगं, हा अडखळतो! 'मी, म्हणजे, ही केबल, म्हणजे केबल नाही,' असं बोलतो. तू त्याला वकील करून टाकलायस."

धाकटीचा चेहरा पडला. जागा वाचवायला तिने सगळं अडखळणं काढून टाकलं होतं. छापखान्यात नेहमी करायची तसं, वाक्य साफ करून. पण दादाचं खरं होतं. त्या माणसाचं सगळं प्रेम त्या अडखळण्यातच होतं.

"दुरुस्त करते," ती म्हणाली.

"अगं, राहू दे. चाललंय की. कशाला एवढा खटाटोप?"

"दुरुस्त करते म्हटलं ना."

पुन्हा तीन महिने. वहिनी एकदा म्हणाल्या, तुम्ही किती वाळलात हो. पण धाकटीला ओळखणाऱ्या कुणालाही माहीत होतं, की ही एकदा हट्टाला पेटली की ब्रह्मदेव आला तरी मागे हटायची नाही.

दुसऱ्या वेळी दादाने शेवटपर्यंत पाहिलं. 'मंगळवार सोडून'ला त्याचे खांदे गदगदले आणि धाकटीने मनातल्या मनात एक मोठा श्वास सोडला. मग मोटरचा प्रसंग आला.

या प्रसंगाबद्दल दोघांचं चाळीस वर्षांचं भांडण होतं. गच्चीवरच्या खोलीत लिफ्टची मोटर धडधडतेय. नायिका वर येते, मेकॅनिकच्या समोर उभी राहते आणि काहीतरी बोलते. मोटरच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नाही, प्रेक्षकांना नाही आणि त्यालाही नाही. तो मान डोलावतो, मोटर बंद करतो आणि म्हणतो, "काळजी करू नका. ग्रीस लावलं की ठीक होईल." ती खाली निघून जाते. धाकटी म्हणायची, तिने प्रेमाची कबुली दिली असणार. दादा म्हणायचा, चहाला बोलावलं असेल. ओळी लिहिताना धाकटीने तिथे फक्त टाकलं होतं, '(मोटरचा आवाज. ती काहीतरी बोलते.)'

दादाने चित्रपट थांबवायची खूण केली. "मागे घे."

तिने मागे घेतला. पुन्हा पाहून तो म्हणाला, "परत."

चौथ्यांदा पाहिल्यावर दादाच्या तोंडावर असं काही हसू पसरलं, की वहिनी हातातलं काम टाकून बाहेर आल्या.

"ती म्हणतेय," दादा म्हणाला, "'लिफ्टला काही झालेलं नाही. बिघडलेय ती मी.'"

मग मेकॅनिकचं उत्तर धाकटीच्या डोक्यात उमटलं. ग्रीस लावलं की ठीक होईल. ती पोट धरून हसायला लागली. वहिनींना समजायला जरा वेळ लागला, मग त्याही.

"तुला कसं कळलं?" धाकटीने विचारलं.

दादा ओशाळला. "ओठांवरून. गेली दोन-तीन वर्षं तेच तर करतोय. ब, प आणि म सारखेच दिसतात, त्यामुळे जरा गोंधळ होतो. आधी मला वाटलं 'पिघळलेय'. पण ते बसत नव्हतं."

"तुम्ही ओठ वाचता?" वहिनी म्हणाल्या. "मग मी परवा त्या शेजारणीला खिडकीतून जे म्हणाले..."

"तेही," दादा म्हणाला.

धाकटीने लगेच कॉम्प्युटर पुढे ओढला. "आत्ताच टाकते हे वाक्य."

"नको."

"का? खरं वाक्य आहे ते!"

"तुम्हा ऐकणाऱ्या लोकांना ते ऐकू येत नाही ना? मग कशाला लिहायचं? जेवढं ऐकू येतं तेवढं लिही." दादाने पडद्याकडे बोट दाखवलं. "हे ऐकायचं नाहीये, बघायचं आहे. हे आमचं."

'आमचं' हा शब्द धाकटीच्या कानात राहिला. कारण आजवर दादा कधी 'आम्ही' म्हणाला नव्हता. कर्णबधिर मंडळाची दर रविवारी बैठक भरते, तिथे चला, असं वहिनी दोन वर्षं त्याला सांगत होत्या, आणि तो म्हणत होता, मी काही बहिरा नाही, मला जरा कमी ऐकू येतं.

"दादा," धाकटी त्याच्या पुढ्यात बसून, ओठ नीट हलवत म्हणाली, "हे एकट्याने बघायचं नाही. मी हा चित्रपट थिएटरात लावणार."

गावात एक चित्रपट मंडळ होतं. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या सभागृहात ते जुने चित्रपट दाखवायचं. चिटणीस होते एक निवृत्त भूगोलाचे मास्तर. त्यांनी धाकटीचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"बाई, पडद्यावर अक्षरं आली की लोक कुरकुरतात. लोक बघायला येतात, वाचायला नाही."

"सर, जे वाचल्याशिवाय बघू शकत नाहीत, ते आजवर आलेच नाहीत. त्यांची कुरकुर तुमच्यापर्यंत पोचणार कशी?"

"अशी किती माणसं असतील? चार? पाच?"

"किती आणू?"

मास्तर चपापले. "चाळीस आणा," ते म्हणाले, बहुधा हा विषय मिटावा म्हणून.

धाकटी पुढच्या रविवारी कर्णबधिर मंडळाच्या दारात उभी राहिली. सोबत दादा होता. त्याला तिने कसं तयार केलं, तर केलंच नाही. ती फक्त म्हणाली, "मला तिथलं काही समजणार नाही. मी एकटी जाऊ का?" नऊ वर्षांनी मोठ्या भावाला तेवढं पुरतं.

आत तीसेक माणसं होती आणि सगळ्यांचे हात बोलत होते. धाकटीने नमस्कार केला, घसा खाकरला, आणि मग तिच्या लक्षात आलं की खाकरण्याचा काही उपयोग नाही. दादा दाराशी अंग चोरून उभा. शेवटी एक शिवणकाम करणारी बाई पुढे आली. पन्नाशीची, गळ्यात टेप, जन्मापासून ऐकू न येणारी. तिने दादाच्या हातात वही दिली. दादाने लिहिलं, 'माझ्या बहिणीने एक चित्रपट आपल्यासाठी लिहिलाय. विनोदी आहे. एक विनोद फक्त आपल्यालाच कळतो.'

शिवणवाल्या बाईंनी ते वाचलं, भुवया उंचावल्या, आणि वही पुढे दिली. वही खोलीभर फिरली.

पुढे चार महिने गेले. निर्मात्याच्या मुलीला चिटणिसांनी पत्र घातलं, तिची दोन ओळींची परवानगी आली. सभागृहाची तारीख दोनदा बदलली. एकदा मास्तर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. धाकटी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्या दारात. तिसऱ्या दिवशी पुन्हा. "तुम्ही औषधाचा डोस आहात का हो?" मास्तर वैतागून म्हणाले. "दिवसातून एकदा," धाकटी म्हणाली, "गुण येईपर्यंत." मास्तरांना हसू आवरलं नाही, आणि तारीख ठरली.

त्या दुपारी सभागृहात कर्णबधिर मंडळाची चाळीस नाही, त्रेपन्न माणसं आली. नेहमीचे प्रेक्षक वेगळे. धाकटी सर्वांत मागे, भिंतीला टेकून उभी राहिली. पहिली ओळ वेळेवर उमटली. दुसरीही. नेहमीच्या प्रेक्षकांपैकी कुणीतरी "ही काय अक्षरं?" म्हणालं, पण कर्नलसाहेबांच्या प्रसंगात तेही हसलं. 'मंगळवार सोडून'ला सभागृह एकदम हसलं, सगळं, एकाच क्षणी. चार पहाटा वसूल झाल्या.

मग मोटर धडधडायला लागली. पडद्यावर '(मोटरचा आवाज. ती काहीतरी बोलते.)' उमटलं. नायिकेचे ओठ हलले.

आणि डावीकडच्या रांगांतून हसण्याचा लोट उठला. ज्यांनी स्वतःचं हसू कधी ऐकलं नाही त्यांचं हसू, कुणाचं चिरकं, कुणाचं घोगरं, कुणाचं नुसता श्वास. उजवीकडचे प्रेक्षक चक्रावून माना वळवू लागले. "काय झालं? काय म्हणाली ती?" एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर उठून डावीकडच्या रांगेतल्या माणसाच्या खांद्यावर थोपटलं. तो माणूस हातवारे करून सांगू लागला, पण गृहस्थांना ते कसं कळणार? तेवढ्यात मेकॅनिक म्हणाला, ग्रीस लावलं की ठीक होईल, आणि डावी बाजू दुसऱ्यांदा कोसळली. मास्तर लगबगीने मागे आले. "बाई, त्यांना काय कळलं ते आम्हालाही सांगा की!"

"मध्यंतरात दादाला विचारा," धाकटी म्हणाली. "मला सांगायची परवानगी नाही."

मध्यंतरात दादाभोवती कोंडाळं जमलं. तो सांगत होता, लोक हसत होते, आणि कुणी काही विचारलं की तो निःसंकोच म्हणत होता, "जरा समोर येऊन बोला, मला ऐकू येत नाही." वहिनी लांबून हे बघत होत्या. त्या धाकटीचा दंड घट्ट धरून उभ्या राहिल्या.

चित्रपट संपल्यावर हवेत हात उंच करून, बोटं हलवून टाळ्या झाल्या. धाकटी तरंगत होती म्हणा ना. तेवढ्यात शिवणवाल्या बाई वही घेऊन आल्या. धाकटीला वाटलं, आभार असतील. वहीत लिहिलं होतं:

'टायपिंगच्या प्रसंगांत अक्षरं तिच्या बोटांवर येतात. बोटं झाकली जातात. ती बोटांनीच तर बोलतेय. अक्षरं वर हवीत. आणि बुधवारच्या प्रसंगात तुम्ही घाई केलीय.'

धाकटीचं तोंड उतरलं. बुधवारच्या प्रसंगात? तिच्या बुधवारच्या प्रसंगात? तिने वाद घालायला पेन उचललं, जरा विचार केला, आणि लिहिलं, 'किती ठिकाणी?'

बाईंनी सगळं मोजून ठेवलं होतं. त्यांनी लिहिलं, 'एक्केचाळीस.'

मास्तरांनी महिन्याभरानंतरचा दुसरा खेळ जाहीर केला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला धाकटी कामाला बसली. एकेक ओळ उचलायची, वर न्यायची, नायिकेच्या कपाळावर तर येत नाही ना ते बघायचं. बोटं मोकळी झाली तसं तिला दिसायला लागलं, की टाइप करताना ही बाई एका शब्दावर थांबते, परत मागे येते. चाळीस वर्षांत हे तिला दिसलं नव्हतं. तिने ओठ मिटून बोटं झाकल्याची चूक स्वतःच्या नावावर लिहून घेतली आणि पुढे गेली.

पुढच्या रविवारी सकाळी दादा आला आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. त्याने मंडळात खुणांची भाषा शिकायला सुरुवात केली होती. त्रेसष्टाव्या वर्षी, बॉयलरवर काम करून जाड झालेल्या बोटांनी.

"आज मला त्या शिवणवाल्या बाई विचारणार, झालं का म्हणून," तो म्हणाला. "काय सांगू?"

धाकटी त्याच्याकडे वळली. "शनिवारपर्यंत होईल म्हण."

"कसं म्हणू? मला शनिवार अजून हातांनी येत नाही."

"मग आधी शनिवार शिकून घे," धाकटी म्हणाली, आणि सतराव्या ओळीकडे वळली.